पडवीतल्या बारला सिंक कुठलं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर. चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू. आम्ही पुण्याला असतो. सध्या गणपती, शिमगा आणि मे महिना एवढंच जाणं होतं. पुढच्या पडवीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात छोटा बार करायचा आहे. एक उंच ओटा, मागे कपाट, लहान फ्रिज. यजमान आणि दीर संध्याकाळी बसतात, बाकी आम्ही सगळी कोकम सरबत नाहीतर सोलकढी घेतो. सगळ्यांचं एकाच ठिकाणी व्हावं अशी इच्छा. आता सिंकवरून घरात चार मतं झाली आहेत. मिस्त्री म्हणतात, वरून बसवायचं सोपं. मुलीला ठोक्याचं, तांब्याचं गोल सिंक हवंय. दिरांना ओट्यावर ठेवलेलं, बाऊलसारखं आवडलंय. मला वाटतं ओट्याखालून बसवावं, पुसायला बरं. ओट्याला कडप्पा लावायचं ठरतंय. विहिरीचं पाणी मे महिन्यात जरा मचूळ होतं. काय करावं? – एक वाचक भगिनी

उत्तर : तुम्ही चौघांची मतं लिहिलीत, दगड लिहिलात, पाण्याची चवही लिहिलीत. सिंकमधलं पाणी जाणार कुठे, तेवढं राहिलं. पडवीतल्या बारचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं. आपल्या घरांत स्वयंपाकघर मागच्या अंगाला, मोरी आणि न्हाणी तिकडेच, सांडपाणी मागच्या अळवात नाहीतर केळीत. पुढच्या पडवीला सांडपाण्याची वाटच नसते. म्हणून दुकानात जाण्याआधी टेप घेऊन पडवीत उभ्या राहा.

सांडपाण्याच्या पाइपला फुटामागे पाव इंच उतार लागतो. पाइप 12 फूट न्यायचा तर शेवटचं टोक 3 इंच खाली गेलं पाहिजे. मागच्या मोरीपर्यंत न्यायचं म्हटलं तर माजघर पार करून 40 फूट सहज होतात, म्हणजे 10 इंच उतार, आणि तेवढी जमीन खोदायला जुनी लादी उखडावी लागते. त्या फंदात पडू नका. तुमचा कोपरा उत्तरेचा आहे, तर पाइप उत्तरेच्या भिंतीतून सरळ बाहेर काढा आणि अंगणाच्या कडेला शोषखड्डा करा. चिरा कापायला सोपा, पण भोक पाडल्यावर पाइपभोवती फट राहते. ती सिमेंटने नीट भरून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात भिंत ओल धरेल. आणि शोषखड्डा विहिरीपासून लांब. 50 फुटांच्या आत तर नकोच. जांभा सच्छिद्र दगड आहे, वरचं पाणी त्यातून झिरपायला वेळ लागत नाही.

आता तुमच्या घराची खरी अडचण. ते वर्षातले बरेच महिने बंद असतं. सिंकच्या खाली जो वाकडा भाग असतो, ट्रॅप, त्यात दोनेक इंच पाणी कायम साठून राहतं आणि ते पाणीच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की ते पाणी आटतं. शिमग्याला आलेली माणसं कुलूप उघडतात आणि नाक धरून बाहेर येतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. निघायच्या दिवशी सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओता आणि वरून दोन चमचे गोडं तेल सोडा. तेलाचा थर पाण्यावर बसतो आणि पाणी उडायचं बरंच लांबतं. वर सिंकच्या भोकाला रबरी बूच लावा. सिंकच्या नळाला पाणी देणारी चावी, म्हणजे अँगल कॉक, बंद करा. आणि बाहेर शोषखड्ड्याकडे पाइपचं जे तोंड आहे त्याला बारीक स्टीलची जाळी बसवाच. उंदीर, बेडूक आणि त्यांच्या मागावर येणारं जनावर, सगळ्यांना तो पाइप म्हणजे घरात यायचा रस्ता आहे. ही जाळी शंभर-दीडशे रुपयांत होते आणि मी तिच्याशिवाय काम पुरं झालं असं मानत नाही.

एवढं जमलं की मग सिंक. चारही मतांचा विचार करू.

मुलीचं तांब्याचं सिंक दिसायला सुरेख असतं, यात वादच नाही. पण तुमच्या बारमध्ये लिंबं पिळली जाणार, कोकमाचं आगळ सांडणार. आंबट पदार्थ तांब्याला खातो. जिथे लिंबाची फोड पडून राहील तिथे लखलखीत डाग, बाकी सिंक काळपट-तपकिरी, आणि मचूळ पाण्यातल्या क्षारांनी मधूनमधून हिरवट कड. आपल्या घरांत तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई केल्याशिवाय त्यात आमटी किंवा ताक ठेवत नसत, ते याचसाठी. रोज राबत्या घरात, रोज पुसणारा हात असेल, तर त्या बदलत्या रंगाचीही एक शोभा असते. चार महिने बंद घरात नाही. मुलीला तांबं हवंच असेल तर घरातला जुना हंडा किंवा घागर काढा, कल्हई करून घ्या, आणि बर्फ ठेवायला ओट्यावर मांडा. ती त्या पडवीत नव्या सिंकपेक्षा जास्त शोभेल.

दिरांचं बाऊलसारखं सिंक हात धुण्यासाठी ठीक. बारला नको. त्याची कड ओट्यापासून पाच-सहा इंच वर असते. बारचा ओटा आधीच उंच, त्यावर हे, म्हणजे ग्लास विसळायला कोपर खांद्यापर्यंत वर घ्यावं लागेल. ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्याने सिंकमध्ये लोटता येत नाही, ते बाऊलच्या बुडाभोवती साचतं. आणि काचेचा ग्लास हातातून निसटला तर नेमका कडेवर आपटतो.

राहिली तुम्ही आणि मिस्त्री. या दोघांत कोण बरोबर, ते ओटा कशाचा यावर ठरतं. वरून बसवलेल्या सिंकची कड ओट्यावर टेकते. भोक जरा वाकडंतिकडं कापलं गेलं तरी झाकलं जातं, म्हणून मिस्त्रींना ते सोपं. ओटा प्लायवूडचा असेल तर तेच बसवावं लागतं, पण कडेखालून पाणी शिरलं की आपल्या हवेत प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो. म्हणून पडवीत प्लायचा ओटाच नको. दगडी ओटा असेल तर खालून बसवलेलं सिंक उत्तम: कड नाही, पाणी आणि लिंबाच्या बिया एका हाताने आत. फक्त एक गोष्ट मिस्त्रींकडून करून घ्या. सिंक नुसतं सिलिकॉनने दगडाला चिकटवून सोडायचं नाही. खालून स्टीलच्या पट्ट्या किंवा दोन बाजूंना आधार पाहिजेच. बर्फ आणि पाण्याने भरलेलं सिंक जड होतं, आणि नुसतं चिकटवलेलं सिंक काही वर्षांत एका कोपऱ्याने सुटतं.

दगड मात्र बदला. कडप्पा हा चुनखडीचा दगड. त्यावर लिंबाचा रस पडला की तिथली काळी चकाकी जाते आणि पांढुरका डाग राहतो, तो पुसून निघत नाही. आगळ पडलं तरी तेच. स्वयंपाकघरात भाकरी थापायला कडप्पा चालतो, सरबताच्या ओट्याला नाही. संगमरवराचीही तीच गत. काळा ग्रॅनाइट घ्या. चिरा दाखवायची हौस असेल तर ओट्याच्या पुढच्या बाजूला लावा, वरच्या बाजूला नाही. त्याची भोकं आगळ पिऊन घेतात.

सिंक स्टीलचं, 304 प्रतीचं. जाडी 1 मिलिमीटरच्या वर. माप 15 बाय 15 इंच किंवा 18 बाय 16, खोली 7 ते 8 इंच. याहून उथळ घेतलं तर उंच नळाचं पाणी अंगावर उडतं. हल्ली काटकोनी कोपऱ्यांची, हाताने घडवलेली म्हणून विकली जाणारी सिंकं सगळीकडे दिसतात. दिसायला नीटस, पण कोपऱ्यात आगळाचा गाळ आणि बिया अडकतात. कोपरे थोडे गोल असलेलं मागा. दुकानात R10 असं लिहिलेलं असतं, म्हणजे कोपऱ्याची गोलाई 10 मिलिमीटर. आणि दुकानातच एक पेला पाणी त्यात ओतायला सांगा. सपाट तळाच्या सिंकांना भोकाकडे उतार पुरेसा नसला तर पाणी तळाला चादरीसारखं राहतं. दुकानदार कुरकुर करतो, तरी ओतायचंच.

सिंक उलटं करून त्याची पाठ बघा. तळाला बाहेरून रबरी पट्टी किंवा करड्या रंगाचा जाड लेप असला पाहिजे. आवाज कमी होण्यासाठी तो असतो असं सांगतात. तेही खरं, पण आपल्याला तो दुसऱ्याच कारणासाठी हवा. सिंकमध्ये बर्फ ठेवला की कोकणातल्या दमट हवेत स्टीलच्या बाहेरच्या अंगाला पाणी धरतं आणि थेंब थेंब खालच्या कपाटात पडतं. बाटल्यांची लेबलं सुटतात, लाकडाला बुरशी येते. लेप असला की हे बरंच थांबतं.

नळ उंच मानेचा आणि फिरणारा घ्या, जग त्याच्याखाली सरळ उभा राहिला पाहिजे. मे महिन्यातल्या मचूळ पाण्यासाठी एक सवय लावून घ्या: रात्री शेवटी सिंक कोरडं पुसायचं. पाणी वाळून राहिलं की क्षार तिथेच बसतात.

प्रश्न : आमचा तारकर्लीजवळ छोटा होमस्टे आहे. अंगणात माडाखाली उघड्यावर सरबत-नाश्त्याचा काउंटर करतोय. पाहुणे समुद्रावरून येतात, वाळूचे हात तिथेच धुतात. एक मोठं सिंक घ्यावं की दोन भांड्यांचं? कधी पाहुणे बिअरसाठीही तोच काउंटर वापरतात. – एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : दादा, वाळू त्या सिंकमध्ये जाऊच देऊ नका, एक की दोन हा प्रश्न मग सोपा होईल. वाळू ट्रॅपच्या तळाशी बसते, वर साबणाचा चिकटा, आणि भर हंगामात पाणी तुंबतं. काउंटरच्या अलीकडे, पाहुणे ज्या वाटेने येतात त्या वाटेवर, गुडघ्याच्या उंचीवर एक साधा नळ आणि खाली चिऱ्याचा चौकोन करा, त्यात खडी. पाय तिथे, हात तिथे. पाणी माडाच्या आळ्यात जाऊ द्या, माडाला ते चालतं.

काउंटरला मग दोन भांड्यांचं सिंक घ्या, पण सारख्या मापाची दोन भांडी नकोत. एक मोठं, ग्लास आणि ताटल्या विसळायला. दुसरं लहान, फक्त बर्फ आणि फळं. लहान भांड्यात बर्फ थेट टाकू नका. ज्या भोकातून सांडपाणी जातं त्याच भांड्यातला बर्फ पाहुण्याच्या पेल्यात जाणं बरं नाही. त्यात बसेल असा भोकांचा स्टीलचा डबा ठेवा. वितळलेलं पाणी खाली जाईल, बर्फ डब्यात राहील, रात्री डबा उचलून धुता येईल.

उघड्यावर आणि समुद्राच्या इतक्या जवळ आहात, तर 304 ऐवजी 316 प्रतीचं स्टील मिळतंय का ते बघा. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खारी हवा ते जास्त सोसतं. महाग पडतं, साध्या दुकानात मिळत नाही, मागवावं लागेल. ते जमणार नसेल तर 304 घ्या आणि काउंटरवर पुढे आलेलं छप्पर करा. आडोशाची मात्र एक गंमत आहे, तीही लक्षात घ्या: पाऊस जिथे पोचत नाही तिथे मीठ धुतलं जात नाही. म्हणजे आडोशाखालचं स्टील तुम्हाला स्वतःला धुवावं लागणार, विहिरीच्या गोड्या पाण्याने, दर दोन दिवसांनी.

बिअर पाहुणे स्वतःची आणत असले तरी ती तुमच्या काउंटरवर चालते का, हे विचारून घ्या. तुम्ही विकणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, काउंटर बांधायच्या आधी तिथे चौकशी करा.

प्रश्न : अलिबागजवळ नवं घर बांधलं. स्वयंपाकघरात आणि छोट्या बारमध्ये एकाच दुकानातून 304 म्हणून दोन सिंकं घेतली. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही. तरी राहायला जाऊन सहा महिने झाले नाहीत तोच बारच्या सिंकवर चहाच्या रंगाचे ठिपके आलेत. स्वयंपाकघरातलं चांगलं आहे. फसवणूक झाली का? – एक वाचक

उत्तर : झालीही असेल, पण चुंबकावरून ते कळणार नाही. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्तातल्या 202 मध्ये निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात. चुंबक दोघांनाही चिकटत नाही. उलट खरं 304 सुद्धा दाबून वाकवलेल्या कोपऱ्यांवर किंचित चिकटतं, आणि लोक चांगलं सिंक परत करून येतात. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे थेंब टाकून तपासायचं औषध असतं. मँगनीज जास्त असलेल्या स्टीलवर रंग लाल होतो. बारच्या सिंकच्या पाठीमागे एका कोपऱ्यात तशी तपासणी करून घ्या. बिलावर 304 लिहिलेलं असेल आणि रंग लाल आला, तर दुकानदाराकडे जायला तुमच्या हातात काहीतरी आहे.

पण त्याआधी माझा संशय दुसरीकडे जातो. दोन्ही सिंकं एकाच दुकानातली, एकाच पाण्यावरची, आणि डाग फक्त एकावर. घर नवं आहे. फरशी बसवून झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला ॲसिड कुठे मारलं होतं? बारच्या कोपऱ्यात किंवा त्याला लागून असलेल्या बाथरूममध्ये मारलं असेल, तर त्याच्या वाफा स्टीलला पुरतात. स्टीलवर जो न दिसणारा क्रोमियमचा पापुद्रा असतो, ज्याच्या जिवावर ते गंजत नाही, तोच ॲसिड खातं. दुसरं, ग्रॅनाइट किंवा खिडकीचे गज सिंक बसवल्यानंतर तिथेच कापले का? लोखंडाचे कण सिंकवर उडून बसतात आणि ते गंजतात. दिसताना सिंक गंजलं असं दिसतं.

कण असतील तर डाग निघतील. लिंबाच्या रसात फडकं भिजवून ठिपक्यांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, मग मऊ घासणीने स्टीलच्या रेघांच्या दिशेने चोळा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. तारेची घासणी बिलकूल नको, ती स्वतःच लोखंडाचे कण सोडते. ब्लीचिंग पावडरही नको, आणि संडास धुवायचं ॲसिड सिंकखालच्या कपाटात ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा. बाटली बंद असली तरी वाफ सुटते. साफ केल्यावर हाताला खड्डे लागत असतील, सुईच्या टोकाएवढे, तर मात्र स्टील आतून खाल्लं गेलंय आणि ते भरून येत नाही.

प्रश्न : रत्नागिरीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. हॉलच्या बाल्कनीला लागून बार युनिट सुताराकडून करतोय. सुतार म्हणतो सिंक बसवू, सांडपाणी बाल्कनीच्या पावसाच्या पाइपात सोडू. 12 इंची गोल सिंक सुचवतोय. – एक वाचक

उत्तर : नाही. पावसाचा पाइप पावसासाठी. तो खाली उघड्या गटारात किंवा आवारात सुटतो, साबणाचं आणि उष्टं पाणी त्यात सोडायला तुमची सोसायटी हरकत घेईल आणि तिचं बरोबर असेल. शिवाय त्या पाइपला ट्रॅप नसतो. खालचा वास तुमच्या हॉलमध्ये येईल, आणि जुलैत पाइप भरून वाहत असताना पाणी उलट वर यायची भीती. बाल्कनीला फरशीत नहाणी ट्रॅप असेल आणि तो न्हाणीघराच्या सांडपाण्याच्या लाइनला जोडलेला असेल, तर गोष्ट वेगळी. प्लंबरला बोलावून त्यात बादलीभर रंगीत पाणी ओता आणि खाली कुठल्या चेंबरमध्ये येतं ते बघा. सुताराच्या सांगण्यावर जाऊ नका, तो लाकडातला माणूस आहे.

लाइन नसेल तर सिंक नको. 12 इंची गोल सिंक तसंही उपयोगाचं नाही. त्यात वाइनचा ग्लास आडवा धरून फिरवता येत नाही, फक्त हात बुडतो. त्याऐवजी ओट्यात एक खोलगट स्टीलचा ट्रे बसवायला सांगा, उचलून काढता येईल असा, वर जाळी. ओले ग्लास जाळीवर, निथळलेलं पाणी ट्रेमध्ये, ट्रे रात्री स्वयंपाकघरात रिकामा. शेजारी तोटीची स्टीलची टाकी, पाच-सात लिटरची, प्यायच्या पाण्याची. ओट्याखाली झाकणाची बादली, सालं आणि उष्ट्यासाठी. सिंक, नळ आणि प्लंबिंगचे वाचलेले पैसे ओट्याच्या ग्रॅनाइटला घाला, बाल्कनीच्या दारातून पावसाची झड आत येते तिथे प्लायवर सनमायका टिकत नाही.